गुरम्माची डबी

आयुष्यात एकदाच माझा फोटो पेपरात आला, आणि त्याच्यासोबत जे छापलं होतं ते सगळं खोटं होतं. ‘तृतीयपंथीयाचा प्रामाणिकपणा’ असा मथळा. खाली मी, तोंड उघडं, हात वर, आणि माझ्या हातातली चांदीची डबी घेणारे महादेवप्पा. बघणाऱ्याला वाटावं, बाई मोठ्या आनंदानं काहीतरी देऊन टाकतेय. मी त्या वेळी शिव्या घालत होते.

मी कस्तुरा. मूळची नायगावची, पण नायगावानं माझं नाव टाकलं त्याला जमाना झाला, तेव्हा उदगीरचीच म्हणा. दुष्काळाच्या त्या साली मी आणि गुरम्मा गावाबाहेरच्या वस्तीत एका पत्र्याच्या खोलीत राहत होतो. आम्ही दोघी हिजडे. सभ्य शब्द मलाही येतो, वर मथळ्यात आहेच, पण तो शब्द वापरणाऱ्यांनी आमचं आजवर काही भलं केलेलं नाही, म्हणून मी माझाच वापरते. बाजारात टाळी वाजवून मागायचं, बारशाला-लग्नाला नाचायचं, यावर आमचं पोट. गुरम्मा माझ्याहून मोठी. मी तिला अक्का म्हणायचे.

अक्काचा जन्म लिंगायताच्या घरातला. तिनं घर सोडलं, चंद्रप्पा हे नाव सोडलं, लुगडं नेसली, पण गळ्यातलं लिंग सोडलं नाही. त्यांच्यात मूल जन्मलं की गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते जन्मभर अंगावेगळं करायचं नाही, आणि माणूस गेला की त्याला आडवा न ठेवता बसवून पुरायचं, डाव्या तळहातावर त्याचं तेच लिंग ठेवून. ज्याचं लिंग त्याचं. बापाचं लेकाला चालत नाही, भावाचं भावाला चालत नाही. हे सगळं मला अक्कानंच सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की मला कंटाळा आला होता. रोज सकाळी ती पदर डोक्यावरून घ्यायची, डबी उघडायची, लिंग डाव्या हातावर ठेवून दोन थेंब पाणी, भस्माचं बोट, मिळालं तर बेलाचं पान वाहायची. तेवढा वेळ मी तोंड उघडायचं नाही. प्यायला घोटभर पाणी नसायचं, तरी त्या दोन थेंबांसाठी तिचा तांब्या झाकून ठेवलेला असायचा. त्या तांब्यावरून आमची कडाकडा भांडणं व्हायची.

‘मला बसवून पुरायचं बरं का कस्तुरे,’ हे तिचं एकच मागणं. बाकी तिनं आयुष्याकडे काही मागितलंच नाही. बाजाराकडे तेवढं मागितलं.

डबी तिच्या आईनं, नागम्मानं, हातातल्या वाक्या मोडून करून घेतलेली. एकाच सोनाराकडून तीन डब्या, एकसारख्या, प्रत्येक झाकणावर बेलाचं पान कोरलेलं. थोरल्या रेवणप्पाला एक, धाकट्या चंद्रप्पाला एक, आणि पुढं होणाऱ्या नातवासाठी एक. रेवणप्पाचं बाजारात कापडाचं मोठं दुकान. धाकटा भाऊ तापानं गेला असं त्यानं गावाला सांगून टाकलं होतं, आणि गावानं ते मानून घेतलं. अक्का त्या दुकानावरून रोज जायची. शेजारच्या दुकानात टाळी वाजवायची, पलीकडच्या दुकानात वाजवायची, त्या एका दुकानाची पायरी कधी चढली नाही.

रेवणप्पाला मुलगा झाला तेव्हा बारशाला आमचीच टोळी गेली होती. मी तेव्हा नवी होते. अक्का नाकापर्यंत पदर ओढून नाचली, मग रीतीप्रमाणं बाळाला ओटीत घेतलं. नागम्मानं तिच्या गळ्यातल्या डबीकडे पाहिलं, बाळाच्या उशाजवळ ठेवलेल्या डबीकडे पाहिलं, आणि उठून आत गेली ती आमच्या निघण्यापर्यंत बाहेर आली नाही. ते बाळ म्हणजे भीमाशंकर. पुढं पुण्याला शिकला, नोकरीला लागला. अक्का त्याला लांबून बघायची आणि घरी येऊन सांगायची, पोरगं वाळलंय गं, तिकडं नीट जेवत न्हाई वाटतं.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि त्या इंजिनाचे फोटो जगभर फिरत होते. उदगीरला कुणी फोटो काढायला येत नव्हतं. याचं कारण महादेवप्पा प्रत्येक सभेत सांगायचे. ते जिल्हा मागणी समितीचे अध्यक्ष, आडतीचे व्यापारी, समाजाचे पुढारी. उदगीरचा नवा जिल्हा झाला की नळाला पाणी येईल, रस्ते होतील, पोरांना नोकऱ्या लागतील, गुंडगिरी थांबेल. एखाद्याची म्हैस आटली तरी महादेवप्पा जिल्हाच मागायचे. बंद पाळून पाळून बाजार थकला होता आणि आमचीही मागणी बसली होती.

वस्तीत टँकर यायचा. टँकरवर संगप्पा नावाचा माणूस पाइप धरायचा. आमच्या घागरी कायम शेवटी, उरलं तर. त्या दिवशी अक्कानं घागर मधे लावली, कारण ती खरंच पहाटेपासून उभी होती. संगप्पा म्हणाला, हिजड्याचा हात लागलेल्या पाइपाचं पाणी बाया नेणार न्हाईत, हो मागं. अक्का मागं झाली नाही. ती म्हणाली, मी रांगीत हाय. त्यानं पाइपाच्या तोंडाची लोखंडी तोटी फिरवली आणि तिच्या कपाळावर घातली. ती खाली पडल्यावर परत घातली.

मी दगड उचलला, पण दोघांनी मला धरलं. रांगेतल्या बायांनी काय केलं तेही सांगते. कुणी जागा सोडली नाही. एक बाई मागं सरकली, तर तिच्या मागची पुढं आली. पाइपातून पाणी सांडत होतं, तर सगळ्या ओरडल्या ते सांडणाऱ्या पाण्यासाठी. अक्काच्या गळ्यातला दोरा तुटून डबी चिखलात गेली होती. ती मी शोधून काढली, पदरानं पुसली आणि कंबरेला खोचली. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत अक्का गेली होती.

दवाखान्यानं उष्माघात लिहिला. ऊन होतं हे खरंच आहे. ठाण्यातला जमादार कागद बघून म्हणाला, मार लागून मेली असं कुठं लिहिलंय? मी म्हटलं, कपाळ बघा. तो म्हणाला, पडताना लागलं आसंल. मग जरा आवाज खाली करून त्यानं खरी गोष्ट सांगितली. रक्ताच्या नातेवाइकानं तक्रार दिली तर प्रेत परत तपासता येतं, गुन्हाही दाखल होतो. नातेवाईक आला नाही, तर मुदत संपली की बेवारस म्हणून नगरपालिका नेणार आणि पुरून टाकणार. मी तिची कोण? कागदावर कुणीच नाही. एका खोलीत अर्धं आयुष्य काढलं, त्याला कागदावर जागा नाही.

म्हणजे मला एकच माणूस हवा होता. चंद्रप्पा माझा भाऊ होता, किंवा माझा काका होता, एवढं बोलणारा एक माणूस.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात भीमाशंकरला मारलं. तो सुट्टीला आला होता. फोनवर कुणा पोरानं गोड बोलून त्याला देगलूर रोडला बोलावलं, तिथं टोळकं दबा धरून बसलेलं. त्याला तुडवलं, नको नको ते बोलले, त्याचं चित्रण केलं आणि गावभर पाठवलं. कपाळ फुटलं. गळ्यातली डबी हिसकून कुठल्या तरी रानात फेकली. त्याला मारलं ते वाईटच झालं, त्यात मला काही बोलायचं नाही. अक्का असती तर ती ऊर बडवून रडली असती. पण पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं.

पुण्याहून समलिंगी पोरांसाठी लढणारी संस्था आली. दोन गाड्या भरून. टीव्हीवाले आले. भीमाशंकरवर इंग्रजीत लिहून आलं, मराठीत लिहून आलं. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पोराला एका छोट्या गावात कसं जगावं लागतं, यावर गावात कधी पाय न ठेवलेल्या लोकांनी रकाने भरले. इकडं समाज वेगळ्याच कारणानं पेटला. गळ्यातलं लिंग तोडलं म्हणून. पोरगा तिथं कशाला गेला होता हे कुणी तोंडातून काढत नव्हतं. महादेवप्पांनी एका दमात सगळं जुळवून टाकलं. जिल्हा न्हाई म्हणून मोठा पोलीस साहेब इथं बसत न्हाई, साहेब बसत न्हाई म्हणून आपल्या लेकराच्या गळ्यातलं लिंग तुटतं. सभा ठरली. संस्थेनं त्यांचा रंगीबेरंगी झेंडा लहान घडी करून कोपऱ्यात लावायचं कबूल केलं, समितीनं तो झेंडा कशाचा हे न विचारायचं कबूल केलं.

माझी अक्का तोवर दवाखान्याच्या मागच्या खोलीत पडून होती, आणि तिथला बर्फ संपला होता.

मी आधी रेवणप्पाच्या दुकानात गेले. ज्या पायरीवर ती चढली नाही त्या पायरीवर चढले. दुकानात भेटायला आलेल्यांची गर्दी, रेवणप्पा गादीवर सुतकी तोंडानं. मी त्याला आत बोलावून सांगितलं, तुमचा भाऊ गेलाय, सही करा, बाकी सगळं मी बघते. त्यानं माझ्याकडे न बघता समोरच्या कापडाची घडी सारखी केली.

‘माजा भाऊ ल्हानपणीच गेलाय. मेलेलं माणूस दुसऱ्यांदा कसं मरंल?’

आणि नोकराला सांगून मला बाहेर घालवलं.

मग मी संस्थेच्या केतकीला गाठलं. पुण्याची, चष्मा, खादीचा कुर्ता, बोलणं अगदी लोण्यासारखं. तिनं मला खुर्ची दिली, पाण्याची बंद बाटली दिली, माझा हात हातात घेतला. मी सगळं सांगितलं. फक्त अक्का कुणाच्या घरची ते सांगितलं नाही, कारण ते सांगायचा हक्क त्या घराचा होता आणि मी अजून आशेवर होते. केतकीचे डोळे खरंच भरून आले. मग ती म्हणाली की टँकरवरची मारामारी हा पाणीटंचाईचा प्रश्न होतो, दवाखान्याचा कागदही विरुद्ध आहे, आणि भीमाशंकरच्या प्रकरणात चित्रणाचा पुरावा आहे. दोन विषय मिसळले तर दोन्ही पातळ होतील. आमच्या लोकांसाठी नांदेडला कुणीतरी काम करतं, त्यांचा नंबर ती देईल. सभेला मात्र आम्ही जरूर यावं, चांगल्या साड्या नेसून पुढं बसावं, त्यानं एकजूट दिसते. फक्त टाळ्या तेवढ्या वाजवू नयेत, समितीच्या लोकांना चालणार नाही.

मी विचारलं, तिचं नाव घ्याल का माइकवरून? नुसतं नाव, गुरम्मा?

ती म्हणाली, ‘या वेळी नको. पुढच्या वेळी नक्की.’

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. नाही दिली. बाटली मात्र घेऊन आले, कारण वस्तीत पाणी नव्हतं.

आता एकच वाट उरली होती. डबी. तोंडानं भाऊ नाकारता येतो, आईनं करून घेतलेली डबी कशी नाकारशील? चारचौघांत, माइकसमोर, रेवणप्पाच्या नाकापुढं धरायची आणि विचारायचं, ही कुणाची? त्या घराच्या डब्या सगळ्या समाजाला माहीत. मठाचे स्वामीजी असणार, महादेवप्पा असणार. तिथं तो खोटं बोलू शकणार नाही, असं मला वाटलं. देवाधर्माच्या वस्तूवर माणूस खोटं बोलत नाही, अशी माझी समजूत होती.

सभा सकाळची होती, ऊन चढायच्या आत. बाजाराच्या मैदानात मांडव. व्यासपीठावर थंड पाण्याचे जार ओळीनं मांडलेले, आणि माझी नजर आधी त्यांच्यावर गेली. मधे स्वामीजी, एका बाजूला महादेवप्पा आणि रेवणप्पा, दुसऱ्या बाजूला केतकी, आणि तिच्याजवळ भीमाशंकर. कपाळाला पट्टी, गळा मोकळा. तो मोकळा गळा बघून बाया डोळे पुसत होत्या. महादेवप्पा बोलायला उभे राहिले आणि ‘हे लेकरू आज लिंगाविना बसलंय’ असं म्हणाले, तेव्हा मांडवात हुंदका फुटला.

तेव्हाच मी चढले. मला कुणी अडवलं नाही, कारण केतकीला वाटलं मी पाठिंबा द्यायला आले. मी रेवणप्पासमोर मूठ उघडली.

मी म्हटलं, ‘वळका. कुणाची हाय ही?’

रेवणप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं ओळखली. झाकणावरचं पान त्यानं ओळखलं, आईच्या वाक्या ओळखल्या, भाऊ ओळखला. मी सांगते, एवढा एक क्षण तो माणूस खरा होता. पण त्याचं तोंड उघडायच्या आत महादेवप्पांनी डबी बघितली आणि माइकमध्ये ओरडले, सापडलं, लेकराचं लिंग सापडलं.

मांडव उठून उभा राहिला. हर हर महादेवाच्या गजरात मी काय ओरडले ते मलाही ऐकू आलं नाही. चंद्रप्पाचं हाय, गुरम्माचं हाय, तिला मारलंय, असं मी शिव्या घालत ओरडत होते. महादेवप्पांनी माझ्या हातातून डबी काढून घेतली, तेव्हाच तो फोटो निघाला. त्यांनी ती रेवणप्पापुढं धरली आणि विचारलं, तुमचीच ना?

रेवणप्पानं डबी उपरण्यानं पुसली. माझ्याकडे बघितलं आणि माइकमध्ये म्हणाला, ‘हाव. माझ्या लेकाचंच हाय.’

स्वामीजींनी ती भीमाशंकरच्या गळ्यात बांधली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आपलं लिंग रोज हातावर घेणाऱ्या माणसाला आपली डबी कळत नाही असं होत नाही. त्यानं डबीवर हात ठेवला, अंगठा पानावरून फिरवला आणि थांबला. मग मान खाली घातली. लोकांना वाटलं पोरगं गहिवरलं. दोन पोलीस बायांनी मला दंडाला धरून खाली उतरवलं, तेही अगदी प्रेमानं, कारण आता मी पुण्यवान झाले होते. लोक माझ्या पाया पडत होते. एका बाईनं माझ्या हातात नारळ दिला. तो मी तिथंच आपटला, तर लोकांना वाटलं मी नवस फेडला.

दुसऱ्या दिवशी पेपरात तो मथळा. केतकीनं मला फोन करून अभिनंदन केलं.

मुदत संपली. नगरपालिकेची गाडी अक्काला घेऊन आटलेल्या तलावाच्या मागच्या मैदानात आली. मी आणि आमच्यातल्या चौघी आधीच फावडी घेऊन गेलो होतो. बेवारस प्रेतासाठी पालिकेची माणसं उथळ आडवा खड्डा करतात. मी म्हटलं, बसवायचीय. ते म्हणाले, ही जमीन बघा, दगड झालाय, एवढं खोल कोण खणणार? मी म्हटलं, तुम्ही सावलीत बसा. आम्ही खणलं. बांगड्या काढून ठेवून, लुगडी खोचून खणलं. हाताला फोड आले, ते फुटले, परत खणलं. अक्काला पाणी घालायला केतकीची ती बाटली होती, तेवढीच.

खड्डा झाला, तिला आत बसवलं, भिंतीला पाठ टेकवली. कपाळाला भस्म लावलं, नेमकं जखमेवर. जंगम, म्हणजे त्यांचा पुजारी, कुणी येणार नव्हता, माझं दोघांना विचारून झालं होतं. डावा हात तिच्या मांडीवर उताणा ठेवला. रिकामा. एकीनं सुचवलं, एखादा काळा खडा ठेवू. मी तिच्यावर ओरडले. जन्मभर खरं लिंग सांभाळलेल्या बाईच्या हातात मी खोटा खडा ठेवणार नव्हते. आणि खरं तर मी रडायच्या बेतात होते, म्हणून ओरडले.

तेवढ्यात मोटारसायकल आली. तोंडाला रुमाल गुंडाळलेला, पण पट्टी दिसत होती. भीमाशंकर लांबच थांबला आणि मला हात केला. मी गेले.

‘मावशी, मला तिथंच कळालं माझं न्हाई म्हणून,’ तो म्हणाला. ‘बाबांनी घरी आल्यावर सांगितलं कुणाचं ते. मला खरंच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचं लिंग गळ्यात बांधून मला झोप येईना झालीय.’

मी म्हटलं, मग चल ठाण्यात. माझा काका म्हण. अजून माती लोटलेली नाही, अजून तपासता येईल. ज्यांनी तुला मारलं ते पोरगे आत आहेत, ज्यानं तिला मारलं तो आज सकाळी टँकर घेऊन आला होता.

तो नीट बोलला, विचार करून आलेला होता.

‘आत्ता कुठं लोक मला माणूस म्हणायलेत, मावशी. आमचं लेकरू म्हणायलेत. काका हिजडा होता म्हटलं, की संपलं सगळं. म्हणतील, घरातच हाय त्यांच्या. महादेवप्पा सोडतील, समाज सोडंल, ते पोरगेपण सुटतील. अजून दहा जणांचं भलं व्हायचंय माझ्यामुळं.’

‘आणि तिचं?’

त्यानं गळ्यातली डबी काढली, उघडली, आतलं लिंग कापडासकट माझ्यापुढं धरलं. हे घ्या, त्यांच्या हातात ठेवा, म्हणाला. पण कुठंच बोलायचं नाही, ठाण्यात नाही, पेपरात नाही, वस्तीत नाही. बोलणार असाल तर देत नाही.

त्याच्या कपाळाची जखम आणि अक्काच्या कपाळाची जखम अगदी एकाच जागी होती. एवढा सारखेपणा बघून मला दया यायला हवी होती. मला त्याचा गळा आवळावासा वाटला. मागं खड्ड्यात माझी अक्का हात पसरून बसली होती, ऊन चढत होतं, पालिकेची माणसं घाई करत होती. मी शब्द दिला. लिंग घेतलं.

डबीसाठी हात पुढं केला, तर त्यानं ती मुठीत झाकली. ‘डबी राहू द्या, मावशी. उद्या पुण्याला कार्यक्रम हाय. सगळे बघतेत.’

मी म्हटलं, निदान तिचं तोंड तरी बघ. तुला ओटीत घेतलं होतं तिनं. तो गाडीवरून उतरला नाही. फक्त तिकडं तोंड करून हात जोडले आणि गेला.

मी खड्ड्यात उतरले, लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं एकेक करून मिटली. तिच्यासारखं दोन थेंब पाणीही घातलं. वर आल्यावर आम्ही माती लोटली. तेवढं एक काम मी पुरं केलं, आणि त्यासाठी तिचा खुनी सोडून दिला.

उदगीरचा जिल्हा अजून झालेला नाही. संगप्पानं पुढं स्वतःचा टँकर घेतला. भीमाशंकर मोठा झाला. आता तो दिल्लीपर्यंत बोलायला जातो, आमच्याबद्दलही बोलतो, सर्वात तळाच्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे असं म्हणतो. बोलता बोलता गळ्यातली डबी हातात धरतो आणि ती गळ्यातून कशी तोडली, एका गरीब तृतीयपंथी बाईनं ती कशी आणून दिली, ते सांगतो. लोक टाळ्या वाजवतात, तिथं टाळ्या चालतात. त्या डबीत काही नाही हे मला माहीत आहे. नवं लिंग घ्यायचं तर जंगमापुढं सांगावं लागतं की पहिलं गेलं, आणि ते तो कुठल्या तोंडानं सांगणार?

मी दिलेला शब्द आज मोडला. त्याचं मला काही वाटत नाही, अक्काच्या हातातलं आता कुणी काढून घेऊ शकत नाही. पुढच्या सभेला तुमच्यापैकी कुणी गेलं, तर पहिल्या रांगेत बसा. त्यानं डबी हातात धरली की उभे राहा आणि एवढंच म्हणा, दादा, जरा उघडून दाखव.